चालतंय त्यालाही हात लावा

‘चालतंय ना? मग हात लावू नका.’ संगणकाच्या धंद्यात मुरलेल्या माणसांचा हा आवडता सल्ला. नागपुरा-पुण्यात तो सवयीने दिला जातो; हेमलकशासारख्या दुर्गम गावाचं नाव निघालं की त्यात काळजी मिसळते. ‘तिथे कशाला अपग्रेड करता? ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की जुन्या स्क्रिप्ट मोडतात. मोडल्या तर बघणार कोण? जुनं मस्त चाललंय, चालू द्या.’ असं सांगणारी माणसं भली असतात, बरेचदा पदरमोड करून मदत करणारी असतात, आणि म्हणूनच त्यांच्याशी वाद घालायला कोणी जात नाही. मला जायचं आहे. कारण या सल्ल्याचा तोटा नेमका त्यांनाच होतो ज्यांच्या काळजीपोटी तो दिला जातो.

आधी त्यांची बाजू, तीही पुऱ्या ताकदीने. आलापल्लीहून निघालेला रस्ता साठेक किलोमीटर जंगलातून जातो तेव्हा हेमलकसा येतं. तिथून तीन-चार किलोमीटरवर तालुक्याचं गाव भामरागड. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या तिथे भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी चढलं, वाटेतले नाले भरले की तालुका बाहेरच्या जगापासून तुटतो. वीज जाते, तिच्यामागे मोबाइलचं नेटवर्क जातं. जिल्ह्याचं ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. अशा वेळी एखाद्या दवाखान्यातलं नोंदणीचं यंत्र अडलं, तर ‘रिमोटने बघतो’ म्हणणाऱ्याला बघता येत नाही आणि ‘उद्या माणूस पाठवतो’ म्हणणाऱ्याचा उद्या आठवड्याने उजाडतो. हेमलकसा म्हटलं की बाहेरच्यांना लोकबिरादरी प्रकल्प आठवतो. पण या तालुक्यात तहसील कचेरी आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, आश्रमशाळा आहेत, ग्रामपंचायती आहेत. शहरात निवृत्त झालेले संगणक देणगी म्हणून अशाच गावांकडे जातात, आणि परवान्याचे पैसे नकोत म्हणून त्यावर लिनक्स टाकलं जातं. माझं बोलणं अशा कुठल्याही यंत्राबद्दल आहे, कोणा एका संस्थेच्या यंत्राबद्दल नाही.

वरच्या वर्णनातला एकही शब्द मला खोडायचा नाही. खोडायचा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष.

हात लावला नाही तर यंत्र जसं आहे तसं राहतं, अशी यामागची समजूत. ३० सप्टेंबर २०२१ रोजी काय झालं ते पाहा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांना सुरक्षित जोडणी देतात. जुनी यंत्रं त्यांच्यावर विश्वास ठेवायची तो डीएसटी रूट सीए एक्स-३ या मूळ प्रमाणपत्राच्या भरवशावर, आणि त्या मूळ प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संपली. सुरक्षित जोडणी सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलची १.०.२ ही जुनी आवृत्ती ज्यांच्यावर होती अशी यंत्रं रातोरात म्हणू लागली की समोरच्या संकेतस्थळाची खात्री पटत नाही. त्या यंत्रांना कोणी हात लावला नव्हता. कोणी अपग्रेड केलं नव्हतं. स्क्रिप्टमधलं एक अक्षर बदललं नव्हतं. तरी काल चालणारी स्क्रिप्ट आज अडली.

सुरक्षेचा मुद्दा आला की उत्तर तयार असतं: ‘तिथे इंटरनेटच धड नाही, विषाणू येणार कुठून?’ जिथे नेट नाही तिथे फायली पेनड्राइव्हवरून फिरतात, आणि पेनड्राइव्ह सायबर कॅफेपासून कचेरीपर्यंत सगळीकडे टोचला जातो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा विषाणू पसरला तेव्हा त्याने वापरलेल्या खिंडारावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. बळी पडली ती ठिगळ न लावलेली यंत्रं. महिन्याभराने नॉटपेट्या आला आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. आता प्रतिपक्ष इथे मला अडवू शकतो, आणि अडवावंच: नॉटपेट्या मुळात पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. खरं आहे. अपडेट म्हणजे आपोआप पुण्य, असं मी म्हणणारच नाही. अपडेटच्या भक्तमंडळींचाही समाचार पुढे घ्यायचा आहे.

पण या सल्ल्यातली सगळ्यात मोठी फसगत वेगळीच आहे. अपग्रेड टाळता येत नाही, फक्त पुढे ढकलता येतं. विजेच्या चढउतारात एक दिवस मदरबोर्ड जातो. नवं यंत्र येतं, त्याचं नेटवर्क कार्ड जुनी सिस्टिम ओळखत नाही, आणि मग नवी सिस्टिम टाकावीच लागते. ती टाकली जाते भर पावसात, घाईत, दहा वर्षांची उडी एका दमात मारत. त्या दहा वर्षांत जे दहा बदल एकेक करून आले असते आणि एकेका दुपारी निस्तरता आले असते, ते सगळे एकाच सकाळी अंगावर येतात. मग हेच हितचिंतक म्हणतात, ‘बघा, सांगितलं होतं ना, अपग्रेड केलं की मोडतं!’

आता ‘अपग्रेडने स्क्रिप्ट मोडली’ या निदानाकडे येऊ. माझा खरा राग या निदानावर आहे, कारण ते निदान नसून तपास टाळण्याची सोय आहे.

शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकामागून एक द्यायच्या हुकमांची साधी मजकुराची फाइल. ती चालवताना नावापुढे जे लिहायचं ती आर्ग्युमेंट: कुठली फाइल उचलायची, कुठे ठेवायची, कुठल्या तारखेची. स्क्रिप्टच्या आत पहिलं आर्ग्युमेंट डॉलर-एक या नावाने येतं, दुसरं डॉलर-दोन या नावाने. असं धरा की एका दवाखान्यात रोज संध्याकाळी ओपीडीची नोंदवही पेनड्राइव्हवर उतरवणारी स्क्रिप्ट आहे. पहिलं आर्ग्युमेंट फाइलचं नाव, दुसरं पेनड्राइव्हचा पत्ता. बरीच वर्षं चाललेली. सिस्टिम अपग्रेड केली, आणि संध्याकाळी स्क्रिप्ट म्हणते: फाइल सापडली नाही. फाइल तर डोळ्यांसमोर आहे.

असं होण्याचं एक अत्यंत ठरावीक कारण आहे आणि ते २००६ पासून सगळ्यांना ठाऊक असायला हवं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लिनक्सच्या उबुंटू या प्रकाराची ६.१० आवृत्ती आली, आणि तीत ‘एसएच’ या नावामागे बसलेला शेल, म्हणजे हुकूम वाचून चालवणारा प्रोग्राम, बदलला. आधी तिथे बॅश होता, आता डॅश आला. डॅश लहान आणि चपळ, यंत्र लवकर सुरू व्हावं म्हणून आणलेला. लिनक्सच्याच डेबियन या प्रकाराने हाच बदल २०११ च्या फेब्रुवारीत आलेल्या सहाव्या आवृत्तीत केला. ज्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘एसएच’ लिहिलं होतं पण आत बॅशची खास बोली वापरली होती, त्या अडखळू लागल्या. बॅशमध्ये अट तपासायला दुहेरी चौकोनी कंस चालतो. डॅशला तो कंस म्हणजे एखाद्या प्रोग्रामचं नाव वाटतं, तसा प्रोग्राम सापडत नाही, आणि न सापडणं म्हणजे अट खोटी. स्क्रिप्ट थांबत नाही. ती मुकाट्याने ‘अट खोटी असेल तर’ या फाट्यावर जाते आणि तिथे लिहिलेलं वाक्य छापते: फाइल सापडली नाही. ‘दुहेरी कंस सापडला नाही’ ही खरी तक्रारही छापलेली असते, पण ठरल्या वेळी आपोआप स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनमधून काम सुरू असेल तर ती पडद्यावर कोणाला दिसत नाही. मग माणूस दिवसभर फाइल शोधतो.

याहून चावट उदाहरण घ्या. स्क्रिप्ट गावाच्या नावाची लांबी तपासते. समजा नाव पंधरा अक्षरांपेक्षा मोठं असेल तर नाकारते. ‘हेमलकसा’ हे आर्ग्युमेंट दिलं. मराठी युनिकोडची मांडणी नीट असलेल्या यंत्रावर बॅश त्याची लांबी सात सांगतो: ह, त्याची मात्रा, म, ल, क, स, आणि शेवटचा काना. उबुंटूने तेव्हा आणलेला डॅश मात्र बाइट मोजतो, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. सात त्रिक एकवीस. कालपर्यंत मान्य असलेलं गाव आज ‘नाव फार मोठं’ म्हणून परत. इंग्रजीत गावं लिहिणाऱ्याला ही अडचण जन्मात येणार नाही, त्यामुळे त्याच्या चाचणीत ती सापडतही नाही. आणि क्रॉनमधून चालवलं तर भाषेची मांडणी बहुधा सोबत येतच नाही, म्हणून तिथे बॅशसुद्धा एकवीस म्हणू शकतो. एकच स्क्रिप्ट, एकच आर्ग्युमेंट. हाताने चालवली तर सात, क्रॉनने चालवली तर एकवीस. याला ‘अपग्रेडचा गोंधळ’ म्हणून हात झटकणाऱ्याला मी संगणकवाला मानायला तयार नाही.

आणखी एक आहे, ते तर आवाजही करत नाही. एका स्क्रिप्टमध्ये दुसरी स्क्रिप्ट टिंब देऊन ओढून घेता येते, आणि बॅशमध्ये तिला तिची वेगळी आर्ग्युमेंट देता येतात. डॅश ती वेगळी आर्ग्युमेंट विचारातच घेत नाही. आतल्या स्क्रिप्टला डॉलर-एक म्हणून मिळतं ते बाहेरच्या स्क्रिप्टचं पहिलं आर्ग्युमेंट. चूक दाखवणारी ओळ कुठेच नाही, फक्त मालमसाला भलताच.

पेनड्राइव्हचा किस्सा जास्त घरगुती आहे. पूर्वी उबुंटूवर पेनड्राइव्ह ‘मीडिया’ या फोल्डरच्या थेट आत उघडायचा. २०१२ च्या सुमारास मधे वापरणाऱ्याच्या नावाचं एक फोल्डर आलं. स्क्रिप्टला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून जुनाच पत्ता जात राहिला. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ‘फोल्डर नसेल तर तयार करा’ अशी हुशारी केलेली असेल, तर ती त्या पत्त्यावर हार्डडिस्कमध्येच एक फोल्डर तयार करते आणि रोज इमानेइतबारे ‘बॅकअप पूर्ण’ असं सांगते. पेनड्राइव्ह रिकामा. त्यात पेनड्राइव्हचं नाव विंडोजने ‘न्यू व्हॉल्यूम’ असं ठेवलेलं, मधे मोकळी जागा. स्क्रिप्टमध्ये डॉलर-दोनभोवती अवतरणचिन्हं नसतील तर शेल त्या मोकळ्या जागेवर पत्ता फाडतो आणि एकाची दोन आर्ग्युमेंट होतात. अवतरणचिन्हं ही गाठोड्याची गाठ आहे. ती न बांधता सामान उचललं तर सांडणारच. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या खेळांच्या प्रोग्राममध्ये याचीच भयंकर बहीण सापडली होती: एका फोल्डरचं नाव ज्यात असायला हवं ते पद रिकामं निघालं, आणि ‘या फोल्डरच्या आतलं सगळं पुसा’ या हुकमाचा अर्थ ‘यंत्रावरचं सगळं पुसा’ असा झाला. लोकांच्या फायली गेल्या.

या सगळ्यांत अपग्रेडने काय केलं? स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने मनात धरलेल्या पण कुठेही न लिहिलेल्या अटी उघड्या पाडल्या. ‘एसएच म्हणजे बॅशच’, ‘पेनड्राइव्ह इथेच’, ‘नावात मोकळी जागा नसणार’, ‘नाव इंग्रजीत असणार’. शेवटची अट भामरागड तालुक्यासाठी स्क्रिप्ट लिहिताना कोणी मनात धरली असेल, तर दोष देण्यासाठी नव्या सिस्टिमपर्यंत जायचीही गरज नाही.

‘बरं, पण शोधणार कोण?’ हा पुढचा प्रश्न. यावर माझं उत्तर असं की शोधायला लागतं ते बहुतेक यंत्रातच असतं, आणि नेट लागत नाही. शेलची माहितीपुस्तिका ‘मॅन’ या हुकमामागे यंत्रातच बसलेली असते. पूर आला म्हणून ती बंद पडत नाही. स्क्रिप्टची पहिली ओळ वाचली की कोणता शेल मागितला आहे ते कळतं, आणि ‘एसएच’ नावाची खूण कोणत्या शेलकडे बोट दाखवते हे एका हुकमात दिसतं. स्क्रिप्टच्या वरच्या भागात दोन ओळी घालाव्यात: किती आर्ग्युमेंट आली ते छापा, आणि प्रत्येक आर्ग्युमेंट कोनी कंसात घालून वेगळ्या ओळीवर छापा. कोनी कंस अशासाठी की मागेपुढे चिकटलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसावी. दोन द्यायची होती आणि तीन आली, तर तपास संपल्यातच जमा. तेवढ्याने भागलं नाही तर शेलला ‘सेट’च्या ‘एक्स’ पर्यायावर ठेवावं. तो प्रत्येक हुकूम आर्ग्युमेंटसकट आधी छापतो आणि मग चालवतो. तोच प्रयोग हाताने एकदा आणि क्रॉनमधून एकदा करून दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. बाकी उरतं ते मुख्यतः अवतरणचिन्हं घालणं, आणि आलेली सगळी आर्ग्युमेंट जशीच्या तशी पुढे पाठवायची असतील तर डॉलर-ॲट अवतरणात लिहिणं. शेलचेक नावाचा मोफत प्रोग्राम आधीच टाकून ठेवला असेल तर यातल्या निम्म्या चुका तो ओळ क्रमांकासह दाखवतो, तोही नेटशिवाय. डेबियनकडे बॅशची खास बोली हुडकणारं वेगळं साधन आहे, नाव ‘चेकबॅशिझम्स’. यातलं कुठलं काम दहावी झालेल्या, रोज त्या यंत्रावर बसणाऱ्या मुलीला जमणार नाही, ते मला सांगा.

एक जागा मात्र खरोखर फसवी आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतच शेलला पर्याय द्यायची पद्धत. ‘ईएनव्ही’मार्फत बॅश बोलवायचा आणि त्याच ओळीत पुढे पर्याय लिहायचा, असं कोणी केलं, तर लिनक्स पहिल्या शब्दानंतरचा सगळा मजकूर एकच आर्ग्युमेंट म्हणून पाठवतं आणि ‘ईएनव्ही’ ‘बॅश उणे ई’ नावाचा प्रोग्राम शोधत बसतं. फ्रीबीएसडी ही दुसरी सिस्टिम पूर्वी ती ओळ तोडून वेगवेगळी आर्ग्युमेंट करायची. २००५ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून त्यांनीही ते सोडलं. त्या अपग्रेडनंतर कितीतरी स्क्रिप्ट पहिल्याच ओळीवर बसल्या. उपाय साधा: पर्याय पहिल्या ओळीतून काढा आणि दुसऱ्या ओळीवर ‘सेट’ने द्या. तिथे कुठल्याही सिस्टिमला तो सारखाच कळतो.

आता प्रतिपक्षाचं सर्वांत बळकट हत्यार मीच त्यांच्या हातात देतो. कधीकधी दोष खरोखरच अपग्रेडचा असतो. ‘टेल’ हा हुकूम फाइलची शेपूट दाखवतो. ‘टेल, अधिक दहा’ म्हटलं की दहाव्या ओळीपासून पुढचं, ही जुनी रीत. हुकमांचे नियम ठरवणाऱ्या २००१ च्या पॉझिक्स मानकाने ती रीत काढून टाकली, लिनक्सवरच्या ग्नूच्या साधनांनी मानकाची री ओढली, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या स्क्रिप्टमधला ‘अधिक दहा’ हा पर्याय न राहता फाइलचं नाव झाला. एप्रिल २०२२ मध्ये ओपनएसएसएचच्या ९.० आवृत्तीने एका यंत्रावरून दुसऱ्यावर फायली नेणाऱ्या ‘एससीपी’ची आतली यंत्रणा बदलली, आणि दूरच्या यंत्रावरच्या फाइलनावातल्या मोकळ्या जागेसाठी जे दुहेरी अवतरण पूर्वी लागायचं तेच आता आड येऊ लागलं.

आणि २०२५ च्या ऑक्टोबरमधलं प्रकरण तर मासलेवाईक. उबुंटू २५.१० ने ग्नूची जुनी साधनं बाजूला सारून रस्ट भाषेत नव्याने लिहिलेली साधनं घेतली. त्यातल्या ‘डेट’ला ‘या फाइलची तारीख सांग’ असं आर्ग्युमेंट दिलं की ते मान डोलवायचं आणि फाइलकडे ढुंकून न बघता आत्ताची तारीख सांगायचं. चूक दाखवली असती तरी परवडलं असतं. अपडेट शोधणारी स्क्रिप्ट याच हुकमाने ‘शेवटचं कधी शोधलं होतं’ ते विचारते. उत्तर कायम ‘आत्ताच’. त्यामुळे अनेक यंत्रं अपडेट शोधायचीच थांबली. अपग्रेडने अपग्रेडचाच रस्ता बुजवला. दुरुस्ती लवकर आली, पण इथे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचा काडीचा दोष नव्हता.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, याबाबत कडक शिस्त आहे: कर्नलमधल्या बदलाने लोकांचा चालता प्रोग्राम मोडला तर बदल मागे घ्यायचा, प्रोग्राम चुकीचा लिहिलेला असला तरी. २०१९ च्या सुरुवातीला तसं झालंही. स्क्रिप्टची पहिली ओळ १२८ बाइटांहून लांब असली तर कर्नल ती गुपचूप कापायचा. कोणीतरी नीटनेटकेपणाने ठरवलं की कापण्याऐवजी सरळ नकार द्यावा. निक्सओएस या लिनक्सवरच्या, लांबलचक पत्त्यांच्या पर्ल भाषेतल्या स्क्रिप्ट लगेच बंद पडल्या, कारण पर्ल ती ओळ स्वतः पुन्हा वाचतं आणि कापलेल्या ओळीवरही त्याचं नीट चाललेलं होतं. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी बदल मागे घेतला. पुढे मर्यादाच वाढवून २५६ केली. कर्नलच्या वर बसलेल्या साधनांच्या कर्त्यांमध्ये ही शिस्त सरसकट नाही, आणि ‘जुन्या स्क्रिप्ट मुळात चुकीच्याच होत्या’ असं नाक वर करून म्हणणारी जमात तिथे भरपूर आहे. तिचा मला ‘हात लावू नका’वाल्यांइतकाच कंटाळा आहे.

पण या उदाहरणांतून निघतं काय? नऊ महिनेच आधार मिळणारी, उबुंटू २५.१० सारखी मधली आवृत्ती जंगलातल्या दवाखान्यात टाकू नका, एवढं निघतं. ती टाकणाऱ्याला प्रयोगाची हौस भागवायची असेल तर त्याने ती आपल्या घरी भागवावी. इथे टाकायचं ते डेबियन स्टेबल किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती, जिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. आणि ती आली त्या आठवड्यात न टाकता, लोकांनी तिच्यातले खड्डे शोधून झाल्यावर. डेबियन प्रत्येक आवृत्तीसोबत काय बदललं आणि कुठे ठेच लागू शकते याचं टिपण देतं. ते छापून यंत्राशेजारी ठेवायला पंचवीस-तीस कागद जातील. वेळ निवडायची ती दिवाळीनंतरची किंवा होळीच्या आसपासची, रस्ते कोरडे आणि वीज त्यातल्या त्यात शहाणी असताना. लागणारी पॅकेजं बाहेरून एका हार्डडिस्कवर आणता येतात, हेमलकशात बसून जीबीच्या जीबी उतरवायची गरज नाही. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून कपाटात ठेवायची. सगळं फसलं तर तीच लावून संध्याकाळची ओपीडी सुरू. स्क्रिप्ट आधी दुसऱ्या यंत्रावर, मराठी नावांच्या, मधे मोकळी जागा असलेल्या फायली देऊन चालवून बघायच्या. ही सगळी तयारी न करता ‘अपग्रेड धोक्याचं असतं’ म्हणणं हा आळस आहे, आणि तो दुर्गम भागाच्या नावावर खपवला जातो.

आता राहिलं ते या सल्ल्यात कधीच मोठ्याने न उच्चारलेलं वाक्य: तिथल्या लोकांना जमणार नाही. सीलबंद डबा द्या, आत काय आहे ते दाखवू नका, बिघडला की आम्हाला बोलवा. हे ऐकवायला जगातली सगळी गावं मोकळी असताना हेमलकसा निवडणं म्हणजे कमाल आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्पाचं काम सुरू केलं. शस्त्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून आलेले डॉ. प्रकाश आमटे आणि भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज, रस्ता, तज्ज्ञ यांतलं काही नसताना माडिया गोंडांसाठी दवाखाना चालवला. तज्ज्ञ येण्याची वाट बघितली असती तर पेशंट दारात मेले असते, म्हणून जे समोर आलं ते पुस्तकं उघडून शिकून घेतलं. १९७६ मध्ये शाळा निघाली, आणि तिथून शिकलेली माडिया मुलं पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. २००८ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच गावातल्या, त्याच शाळेतल्या मुलांना डॉलर-एकभोवती दोन अवतरणचिन्हं घालायला शिकवता येणार नाहीत, असं टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच कोणी म्हणावं?

यावर ‘अहो, आम्हाला त्यांच्यावर ओझं टाकायचं नाही’ असं मृदू उत्तर येतं. ओझं तर आधीच टाकलेलं आहे. यंत्र अडलं की पेशंटची रांग त्यांच्यासमोर असते, सल्लागारासमोर नसते. त्यांच्याकडे नसतो तो फक्त आत बघण्याचा हक्क. स्क्रिप्ट लिहिणारा नोकरी बदलून बंगळुरूला गेलेला असतो. स्क्रिप्टमध्ये कुठलं आर्ग्युमेंट कशासाठी, याची एकही ओळ त्याने लिहिलेली नसते. प्रशासकाचा पासवर्ड देखभाल करणाऱ्याच्या मोबाइलमध्ये असतो, आणि वार्षिक देखभालीचं बिल मात्र वेळेवर येतं. गोठवलेल्या सिस्टिमचा सर्वांत मोठा लाभार्थी कोण, हे त्या बिलावरचं नाव वाचून कळेल. सगळेच असे नसतात हे मान्य करूनही.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. दुर्गम तालुक्यात यंत्र देणाऱ्याने त्यासोबत चार गोष्टी द्याव्यात आणि घेणाऱ्याने त्या मिळाल्याशिवाय पोचपावतीवर सही करू नये. प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर मराठीत लिहिलेलं: कुठला शेल लागतो, कुठली आर्ग्युमेंट, कुठल्या क्रमाने, एक भरलेलं उदाहरण. आर्ग्युमेंट कमी आली किंवा एखादं रिकामं आलं तर काम सुरू न करता कारण सांगून थांबणारी तपासणी. जुन्या डिस्कची प्रत, आणि ती लावून दाखवण्याचा एक प्रत्यक्ष प्रयोग. आणि प्रशासकाचा पासवर्ड, बंद पाकिटात, तिथेच राहणाऱ्या माणसाच्या हातात. यातल्या चौथ्या मागणीवर जो देणारा चुळबुळ करेल, त्याला अपग्रेड नेमकं कोणासाठी नको आहे ते तिथेच विचारून घ्यावं.